पाथर्डीचा समुद्र

आमच्याकडे येणारा कुरिअरवाला बरीच वर्षं एकच आहे. अंकांचे गठ्ठे न्यायला आला की वरच्या पाकिटावरचं 'तत्त्वज्ञानाचे त्रैमासिक' हे तो मोठ्याने वाचतो. एकदा धीर करून त्याने विचारलं, "काकू, यात राशिभविष्य कुठल्या पानावर असतंय?"

मी म्हटलं, "नसतं रे."

"मग लोकं घेत्यात कशाला?"

मी आत जाऊन हा प्रश्न यांच्या कानावर घातला. हे म्हणजे माझे यजमान आणि त्रैमासिकाचे संपादक. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "त्याला म्हणावं, यावर लेख लिहून पाठव. विषय चांगला आहे." ते थट्टा करत नव्हते. चांगला प्रश्न कोणाचाही असो, त्याचा लेख व्हायला हवा असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यामुळेच आमच्याकडे लेख फार आणि वर्गणीदार थोडे.

मी नगरच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. निवृत्त झाले आणि घरच्याच त्रैमासिकात 'कार्यकारी संपादक' म्हणून रुजू झाले. या पदाचा अर्थ असा, की टपाल मी बघायचं, ईमेल मी बघायची, मुद्रितं मी तपासायची, परीक्षकांना फोन मी करायचे आणि संपादकांची समजूतही मीच काढायची. शेवटचं काम सगळ्यांत अवघड होतं. गेल्या हिवाळ्यात ते कामही संपलं. बाकीची चालू आहेत.

बाहेरच्या माणसाला या धंद्याची रीत ठाऊक नसते, म्हणून थोडक्यात सांगते. लेख आला की संपादक तो वाचतो. अगदीच भलता असेल तर आभार मानून परत करतो. बरा असेल तर लेखकाचं नाव काढून तो दोन परीक्षकांकडे पाठवतो. परीक्षक म्हणजे त्या विषयातली जाणती माणसं. लेख कोणाचा हे परीक्षकाला कळू द्यायचं नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला. परीक्षकाने आपलं मत लिहून द्यायचं: घ्यावा, दुरुस्त करून घ्यावा, किंवा घेऊ नये. या कामाला मानधन नसतं, त्यामुळे परीक्षकाला घाई कधीच नसते. "वहिनी, नातीचं बारसं आटोपलं की बसतोच," असं म्हणणाऱ्या एका परीक्षकांचा अहवाल आला, तेव्हा नात पाटीवर रेघोट्या ओढत होती.

नाकारलेल्या लेखाचं दुःख वाटणारी माणसंही नाना तऱ्हेची. काष्टीचे पोपटराव दरवर्षी एक लेख पाठवत. सिद्धान्त एकच: आत्मा म्हणजे विहिरीवरची मोटार नव्हे, स्टार्टर. लेख परत गेला की पुढच्या आठवड्यात ते स्वतः दारात हजर. हातात आपल्या बागेतल्या लिंबांची पिशवी.

"वहिनी, सायबांनी शेवटपर्यंत वाचलं का?"

"वाचलं की."

"मंग पटलं न्हाई म्हना."

"त्यांचं म्हणणं, स्टार्टर दाबतो कोण, ते लेखात येत नाही."

पोपटरावांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "हे मातर खरं हाय. फुडल्या साली बघू. लिंबं तर घ्या."

लेखकाकडून काही घ्यायचं नाही, असा आमच्या संपादकांचा कडक नियम होता. ते आतूनच ओरडत, "परत द्या!" पोपटराव म्हणत, "लेख परत आला त्यो आला, लिंबंबी परत?" लिंबं मी ठेवून घ्यायची. नियम करणाऱ्याने ते लोणचं वर्षभर आवडीने खाल्लं, कुठल्या लिंबाचं हे न विचारता.

ते आतून ओरडत, बाहेर येत नसत, याचंही कारण होतं. ज्याचा लेख विचारात आहे त्याचं तोंड बघायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. सावेडीतल्या आमच्या घराला मागचं दार नाही. म्हणून लेखक आला की संपादक स्वयंपाकघरात जायचे आणि नुसतं बसवत नाही म्हणून लसूण सोलायचे. अंक निघायच्या सुमाराला आमच्याकडे इतका लसूण सोललेला असे, की मी शेजारी वाटत असे.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. मराठीत तत्त्वज्ञानावर लिहिणारी सगळी माणसं एका एसटीत बसतील, आणि खिडकीच्या जागेवरून भांडायलाही जागा उरेल. नुसतं नाव खोडून काय होणार? उदाहरणावरून माणूस कळतो. लेखात पेरू आला की परीक्षक म्हणणार, हा राहात्याकडचा. म्हणून हे नावाबरोबर उदाहरणंही बदलायचे. पेरूच्या जागी जुन्या तर्कग्रंथांतला घट. डाळिंबाच्या जागी पट. राहात्याच्या बाजाराच्या जागी कुठलीतरी उज्जयिनी. याला आमच्या घरात 'लेख धुणं' म्हणत. मी चहा घेऊन गेले की हात वर करून सांगायचे, "थांब, एक धुवायला टाकलाय." परीक्षकाचं मत आलं की तेही उलटं धुवायचं, म्हणजे घटाचा पुन्हा पेरू करून लेखकाला पाठवायचं. आणि लेख छापायला जाताना मूळ उदाहरण परत घालायचं. हा शेवटचा नियम ते कधी विसरले नाहीत. "धुतलेला कपडा ज्याचा त्याला परत मिळाला पाहिजे," असं म्हणायचे. असं धुणं जगात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

एका वैशाखात दुपारी दारावरची बेल वाजली. उन्हातून आलेली एक मुलगी उभी होती. डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद.

"त्रैमासिकाचं ऑफिस हेच का, काकू?"

ती सविता. तिला मी विचारलं, खरं नाव लिहू का, तर म्हणाली, लिहा की, आता कशाला धुताय. सविता पाथर्डीहून एसटीने आली होती. लेख ईमेलने पाठवता आला असता, पण तिला वाटलं, हातात दिलेला बरा. बेल ऐकून संपादक लसणाकडे गेलेच होते.

पाणी पिऊन झाल्यावर ती बोलायला लागली. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचे पैसे, आणि परीक्षा लागल्या की घरी. कायम जागेची जाहिरात निघाली होती. मुलाखतीला जाताना परीक्षण होऊन स्वीकारलेला एक तरी लेख हवा होता.

"अशी जागा परत कधी निघंल, सांगता येत न्हाई काकू. लेख नसला तर ते आत बी घेणार न्हाईत."

"मुलाखत कधी?"

"आषाढात म्हणतात."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतला लसूण सोलल्याचा आवाज थांबला होता.

लेखाचं नाव होतं 'अर्धे वर्ष रिकामे असणारे गाव'. सविताच्या गावातली बहुतेक घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. तिचे आईवडीलही जायचे. ती मावशीकडे राहून शिकली. मधल्या काळात गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं. तिचा प्रश्न असा, की माणसं नसताना जे उरतं ते तेच गाव असतं का? घरांमुळे गाव म्हणावं, तर ओस पडलेल्या जुन्या वस्तीलाही गाव म्हणावं लागेल. माणसांमुळे म्हणावं, तर गाव अर्धं वर्ष उसाच्या फडात असतं. तिचं उत्तर होतं, की गाव वाट पाहण्यात असतं. जोवर कोणी कोणाच्या येण्याची वाट पाहतं, तोवर ते गाव तेच.

यांनी लेख वाचून संपवला आणि मगच जेवायला बसले. हात धुताना म्हणाले, "मुलीला प्रश्न विचारता येतो." मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एवढी स्तुती दोनतीनदाच ऐकली असेल.

मग त्यांनी लेख धुवायला घेतला. पाथर्डीत तत्त्वज्ञान शिकवणारं माणूस एकच. ऊसतोड दिसली की लेखक कळलाच. घट चालेना, कारण घट गाव सोडून जात नाही. दोन दिवस येरझाऱ्या घालून त्यांनी तोड काढली. पाथर्डीचं गाव उचललं आणि कोकणात नेऊन ठेवलं. ऊसतोड कामगारांचे कोळी झाले, कोयत्यांची जाळी झाली, ट्रॅक्टर-बैलगाड्यांच्या होड्या झाल्या. दसऱ्यानंतर सगळा कोळीवाडा समुद्रावर जातो आणि पाडव्याला परत येतो.

मी विचारलं, "अहो, असं असतं का तिकडे?"

"असेल. उदाहरणच तर आहे."

समुद्र या गृहस्थांनी आयुष्यात एकदा पाहिला होता, आमच्या लग्नानंतर. तेव्हाही सगळा वेळ ते वाळूत बसून पुस्तक वाचत होते.

एका परीक्षकांनी लेख लगेच स्वीकारला. दुसरे परीक्षक निघाले नेमके कोकणातले, भर किनाऱ्यावर जन्म काढलेले. त्यांचं नाव सांगणार नाही, नियम आहे. त्यांची आणि यांची कधी भेट झालेली नव्हती, वर्षानुवर्षं नुसता पत्रव्यवहार. त्यांचा अहवाल मी मोठ्याने वाचून दाखवला. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात जातात. दसऱ्यानंतर मासळीचा ऐन हंगाम असतो आणि गाव उलट गजबजलेलं असतं. कोळी सहा महिने समुद्रावर राहून खातील काय? शेवटी लिहिलं होतं, 'लेखकाने ज्या जगण्यावर लिहिले, ते पाहिलेले नाही. उदाहरण पुस्तकातून उचललेले दिसते. लेख घेऊ नये. लेखकाने एकदा तरी समुद्र पाहावा.'

मला हसू आवरेना. यांचा चेहरा पाहिला आणि आवरलं.

"आता हे उलटं धुवा," मी म्हटलं. "'लेखिकेने एकदा तरी ऊस पाहावा' असं कळवायचं का तिला?"

"चेष्टा करू नकोस."

"मग परीक्षकांना फोन करा. समुद्र माझा, तिचा नाही म्हणून सांगा."

"म्हणजे मुलगी कुठली, कोणाची, सगळं कळलं."

"कळू दे की. एवढं काय बिघडतं?"

त्यांनी अहवालाची घडी घातली. मग म्हणाले, "माझा पहिला लेख पुण्याला पाठवला होता ना, त्याचं उत्तर आलं होतं, 'ग्रामीण भागातून असा प्रयत्न होतो हे स्तुत्य आहे.' घेतला होता लेख त्यांनी. पण वाचला नव्हता. पाठ थोपटली होती नुसती. कीव करणारा माणूस वाचत नाही गं."

हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पेरूंचे घट का होतात, ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यांना धुण्यावरून किती छळलं होतं! त्यानंतरही छळलं, पण थोडं कमी.

तरी ज्येष्ठ संपत आला होता. नियम सांभाळावा तर मुलीची मुलाखत जाणार, मुलाखत सांभाळावी तर नियम. संपादक दोन दिवस लसूण सोलत बसले, बाहेर कोणी आलेलं नसताना. शेवटी मीच सविताला फोन केला आणि बोलावून घेतलं.

ती आली तेव्हा ते स्वयंपाकघरातून बाहेर आले. ज्याचा लेख विचारात आहे अशा माणसासमोर मी त्यांना प्रथमच पाहत होते. नवरदेवासारखे अवघडून उभे होते.

"बसा. तुमच्या लेखात मी थोडा समुद्र घातला होता," ते म्हणाले.

सविताने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं आणि धुतलेली प्रत तिच्या हातात दिली. ती वाचत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला.

"सर," ती म्हणाली, "माझ्या आईचा जन्म उसाच्या पाचटात गेला. आन् तुम्ही तिच्या डोक्यावर मासळीची पाटी दिली?"

हे खाली मान घालून उभे. "तुमची ओळख लपावी म्हणून."

"पर सर, ओळख लपवता लपवता प्रश्नच लपला की. आमी हौसंनं न्हाई जात. पाऊस नसतो म्हणून जातो. कोळ्याला पाणी हाय म्हणून जायचंय. एक कसं हुईल?"

"बरोबर आहे तुमचं. पण खरं गाव दिसलं तर परीक्षकाला कीव येईल, याची मला भीती आहे."

"येऊ द्या ना. कीव आली तर ती खोडता येती सर. समुद्र मी कशानं खोडू?"

हे एकदम हसले. मोठ्याने. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेख न धुता पाठव. आणि यांना चहा दे. मी करतो, तू बस." साखर किती टाकायची ते त्यांना माहीत नव्हतं. तो चहा आम्ही दोघींनी कसातरी संपवला.

मी त्याच दिवशी परीक्षकांना फोन केला. लेखकाचं नाव सांगितलं नाही, एवढंच म्हटलं, की समुद्र संपादकांचा होता, मूळ गाव दुसरं आहे. ते म्हणाले, "तरीच! होडीला कोणी 'जुंपली' असं लिहील का?" यांनी बैलगाडीचं क्रियापद तसंच ठेवलं होतं.

आठवड्याच्या आत दुसरा अहवाल आला. यांनी तो पाकिटातून काढून उभ्याउभ्याच वाचायला घेतला. तब्येत तोवर उतरायला लागलेली होती, पण बसायचं त्यांना सुचलं नाही. अहवालात कीव नावालाही नव्हती. लिहिलं होतं, 'गाव खरे आहे, युक्तिवाद कच्चा आहे. वाट पाहणे ही मनाची अवस्था. मनाच्या अवस्थेवर गाव कसे उभे राहील? वाट पाहणारा म्हातारा दुपारी झोपला, तर तेवढा वेळ गाव नाहीसे होते काय? उत्तर द्यावे, मग बघू.'

"वाचलंय! त्याने वाचलंय!" हे म्हणाले. एखाद्याचा लेख परत आल्याचा इतका आनंद झालेला संपादक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

सविताने तीन रात्री जागून नव्हे, गावातल्या म्हातारबाबांशेजारी ओट्यावर बसून उत्तर शोधलं. तिच्या गावात मागे राहिलेली माणसं रोज सकाळी स्वतःचं अंगण झाडतात, तेव्हा शेजारच्या कुलूपबंद घराचंही झाडतात. कोणी सांगितलेलं नसतं. झाडलं नाही तर घर पडीक दिसतं म्हणून. तिने लिहिलं, वाट पाहणं ही मनाची अवस्था नाही, ते काम आहे. म्हातारा झोपला तरी झाडलेलं अंगण झाडलेलंच राहतं.

परीक्षकांनी एका ओळीत कळवलं: 'घ्यावा. मी निरुत्तर.' स्वीकृतीचं पत्र मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिला पोचलं. ती पुन्हा दारात आली ती पेढ्यांचा पुडा घेऊनच. जागा मिळाली होती, पण राहात्याला.

"आता मीच गाव सोडून चाललेय, काकू. माझं अंगण आता मावशी झाडंल."

लेख छापून झालेला होता, त्यामुळे पेढे घ्यायला नियमाची हरकत नव्हती. यांनी दोन खाल्ले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ते गेले. फार त्रास झाला नाही. दिवसकार्य आटोपल्यावर लोकांनी मला विचारलं, त्रैमासिक बंद करणार ना? विचारणारे आपुलकीने विचारत होते. मी ईमेल उघडली तर लेख येऊन पडलेले. पोपटरावांचाही होता. स्टार्टर दाबतो कोण, याचं उत्तर त्यांना सापडलं होतं. लेख परत केला. लिंबं आली.

यंदा श्रावणात सविताचा नवा लेख आला. विषय होता, मुद्दाम न बघणं हाही एक मान असतो का? कोणाची जात, गाव, परिस्थिती आपण बघायची नाही असं ठरवतो, तेव्हा त्या माणसाचं काही आपण हिरावून घेतो की त्याला काही देतो? तिने दोन्ही बाजू मांडल्या होत्या, कोणाची भीड न ठेवता. आणि सगळ्या लेखाला आधार म्हणून एकच उदाहरण घेतलं होतं: एक संपादक, जो लेखकाचं तोंड दिसू नये म्हणून स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलतो.

हा लेख परीक्षकांकडे असा कसा पाठवणार? उदाहरणावरून लेखिका कळली असती, संपादकही कळला असता. मी पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेख धुवायला बसले. हे कोणाला ओळखू येणार नाहीत असं करायचं होतं. मी त्यांना कुस्तीच्या आखाड्यात नेलं. संपादकाचे पंच झाले, लेखकांचे पैलवान. जत्रेत कुस्ती लागायच्या आधी पैलवान पाया पडायला आले, की पंच तंबूत जाऊन बसतात. लसूण मात्र माझ्याने बदलवला नाही.

लेखाची एक प्रत कोकणातल्या परीक्षकांकडेच गेली. या विषयातलं आणखी कोण होतं? अहवाल आला. 'दुरुस्तीसह घ्यावा. युक्तिवाद चांगला, उदाहरण अविश्वसनीय. पंचाने तंबूत जावे हे एक वेळ समजू शकते. परंतु त्याने तिथे लसूण का सोलावा, हे कोठेच स्पष्ट होत नाही. इतका हट्टी माणूस प्रत्यक्षात असेल असे वाटत नाही. असल्यास भेटायला आवडले असते.'

त्यांनी ओळखलं होतं का, हे मी विचारलं नाही. विचारायचं नसतं. पंचाचा पुन्हा संपादक करून मत सविताला पाठवलं. तिने लसणाबद्दल एक तळटीप जोडली: घराला मागचं दार नव्हतं.

परवा मुद्रितं आली. छापायला जाण्याआधी मूळ उदाहरण परत घालायचं, हा आमच्याकडचा शेवटचा नियम. मी ओळ न् ओळ लावून वाचलं. पंचांना आखाड्यात परत पाठवलं, आणि यांना स्वयंपाकघरात आणून बसवलं, लसणाच्या टोपलीपाशी.